बजावणी

कसामाच्या हायकोर्टातला बेलिफ कपाम्ब्वे,
पेन्शनला चौदा महिने उरलेला,
आज दीड पानाचा हुकूम घेऊन निघालाय.
खाली गोल शिक्का, घाईत जरा तिरका पडलेला.

माणूस गुरुवारी नऊ वाजता हजर करा,
एवढंच त्यात आहे.
माणूस म्हणजे लाझारस चितुंडू, भूगोलाचा मास्तर.
खताची पोती कुठल्या ट्रकात चढली, कुठे उतरली,
हे रेडिओवर बोलला
आणि त्याच रात्री स्वतः एका ट्रकात चढवला गेला.
कुठे उतरला, कुणी सांगत नाही.

मक्याच्या बियाण्याची रिकामी पिशवी, तिच्यात हुकूम,
पिशवी सदऱ्याच्या आत, पोटाशी.
चढावर सायकलची चेन दोनदा उतरते.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
कोर्टच जेव्हा स्वतःच्या पायऱ्या उतरून
धापा टाकत कुणाच्या दाराशी निघतं
तेव्हा ते असं दिसतं:
बाहीवर ग्रीसचा डाग,
डाव्या गुडघ्यात कळ.

फाटकावरचा पोरगा बंदूक सावरत म्हणतो, साहेब नाहीत.
साहेबांची गाडी आत उभी आहे.
कपाम्ब्वे गाडीकडे बघतो, पोराकडे बघतो,
आंब्याखाली बसतो.
खिशातले भाजके शेंगदाणे
एकेक करून खातो, पुरवून.
पोराला मूठभर देतो. पोरगा घेतो.

तीन वाजून गेल्यावर साहेब बाहेर येतात.
कागद लांब धरून वाचतात, चष्मा आत राहिलेला.
ज्यांच्या नावाने नाके उघडतात, बंद होतात,
त्यांचं नाव इथे 'प्रतिवादी'च्या खाली,
साध्या टायपात.

"तुझ्या त्या बाईकडे," साहेब हसतात,
"शिपाई किती आहेत रे?"

"एक आहे साहेब. सायकलवाला."

फाटकावरचा पोरगा तोंड फिरवतो.
साहेब हसत नाहीत आता.
"आणि मी नाही घेतला तर?"

कपाम्ब्वेला कायद्याचं कलम पाठ आहे,
ते तो सांगत नाही.
दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो,
कुणाला न सांगितलेली:
नदीकाठच्या जमिनीचा दावा,
याच न्यायमूर्ती सितवाला, हाच तिरका शिक्का,
आणि हरलेला, त्याचा सख्खा भाऊ.
बजावणी दुसऱ्या कुणाला द्या, असं म्हणता आलं असतं.
म्हटलं नाही.
भावाने दार उघडलं नाही
म्हणून चार खिळ्यांनी ठोकला हुकूम,
आईने रंगवलेल्या त्या दारावर.
आत वहिनी मुलांना गप्प करत होती,
हातोडीच्या प्रत्येक घावागणिक.

"तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही.
दार तुमचंही चालेल, साहेब.
खिळे आणलेत."

मग बराच वेळ काहीच होत नाही.
आंब्यावर एक कावळा जागा बदलतो.
साहेब खिसे चाचपतात. पेन नाही.
कपाम्ब्वे आपलं पुढे करतो, निळं, टोपण चावलेलं.
साहेब सही करतात, वेळ घालतात, तीन बावीस,
आणि पेन सवयीने
स्वतःच्या खिशात ठेवून आत जातात.

कपाम्ब्वे तसाच उभा राहतो क्षणभर.
ते परत मागायला मात्र
त्याच्याकडे हुकूम नसतो.

गुरुवारी नवाला बाक भरलेले,
मास्तरची बायको दाराकडे तोंड करून बसलेली.
सव्वानऊ. सरकारी वकील फाइलीच्या दोऱ्या सोडतो, बांधतो.
न्यायमूर्ती काही बोलत नाहीत,
घड्याळाकडेही बघत नाहीत.
नऊ सव्वीसला बाहेर ट्रकचा आवाज,
मग व्हरांड्यात पावलं,
त्यांतली दोन अनवाणी.
त्या म्हणतात, आधी त्यांना खुर्ची द्या.

हे सगळं कपाम्ब्वेला रात्री कळलं, शिपायाकडून.
तो तेव्हा म्बालाच्या रस्त्यावर होता
दुसरा कागद घेऊन.
त्यात हरलेला होता एक भूगोलाचा मास्तर:
चितुंडू, लाझारस.
घरभाडं थकलं, सात महिन्यांचं.
तोच तिरका शिक्का.